क्रेन शाबूत, डिझेल भरलेलं आणि कंटेनर जागचा हलेना

२७ जून २०१७, मंगळवार. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातल्या जीटीआय टर्मिनलवर त्या दिवशी काहीही मोडलं नव्हतं. क्रेन शाबूत होत्या, वीज होती, डिझेल होतं, माणसं शिफ्टला हजर होती, धक्क्याला लागायची जहाजं समुद्रात ठीकठाक होती. ट्रेलर रस्त्यावर होते आणि ट्रेलरवर कंटेनर होते. तरीही काम कोलमडलं. लॉस एंजेलिस, न्यू जर्सी, रॉटरडॅम, अल्जेसिरास इथेही तेच झालं. डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी तेव्हा जगभरात ७६ टर्मिनल चालवत होती, त्यातल्या १७ टर्मिनलांना फटका बसला. एपीएम आणि आपल्या रेल्वेची कंटेनर कंपनी कॉन्कॉर यांच्या भागीदारीतलं, २००६पासून चालणारं जीटीआय त्यातलंच एक.

कारण होतं संगणकांवरची माहिती निकामी करणारा नॉटपेट्या नावाचा व्हायरस. त्याची हकिगत पुष्कळ जणांनी सांगितली आहे, आणि बहुतेक वेळा ती सायबर सुरक्षेची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला ती कामाच्या नकाशाची गोष्ट वाटते. कामाचा नकाशा म्हणजे वर्कफ्लो मॅपिंग: एखादं काम कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातं, कोणत्या कागदावर किंवा पडद्यावर जातं आणि कुठे थबकतं, हे चौकोन आणि बाण काढून मांडणं. पद्धत जुनी आहे. फ्रँक गिलब्रेथ या अमेरिकी माणसाने, जो आधी गवंडीकाम करायचा, १९२१मध्ये यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे असे तक्ते मांडले. तेव्हा हेतू वेळ वाचवण्याचा होता. संकटात काम चालू ठेवायच्या योजनेसाठी, म्हणजे ज्याला ऑफिसांत बीसीपी म्हणतात त्यासाठी, हेच तक्ते वापरायचे असतील तर प्रश्न बदलतो. ‘वेळ कुठे जातो’ हे बाजूला राहतं आणि ‘हा चौकोन कशाच्या जिवावर उभा आहे’ हे विचारावं लागतं.

‘टर्मिनल बंद पडलं’ या तीन शब्दांत नेमकं काय बंद पडलं, ते बघायला एका निर्यातीच्या कंटेनरच्या मागे चालत जाऊ.

निर्यातदार लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, जागा मागतो, बुकिंग नंबर मिळतो. त्या नंबरावर रिकामा कंटेनर यार्डातून सुटतो. कारखान्यात किंवा बंदराजवळच्या गोदामात, म्हणजे सीएफएसमध्ये, माल भरला जातो, सील लागतं. १ जुलै २०१६पासून भरलेल्या कंटेनरचं खात्रीचं वजन, म्हणजे व्हीजीएम, कळवल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. सीएचए, म्हणजे कस्टम्सचं काम बघणारा दलाल, कस्टम्सच्या आइसगेट या पोर्टलवर शिपिंग बिल भरतो, तपासणी होऊन एलईओ, म्हणजे निर्यातीची परवानगी मिळते. टर्मिनलात शिरायचा कागद, म्हणजे फॉर्म १३, निघतो. ट्रेलर करळ फाट्याकडून रांगेत सरकत गेटवर पोहोचतो. गेटवर कंटेनर नंबर, सील, फॉर्म १३, वजन, बुकिंग आणि जहाजाचा कटऑफ, म्हणजे डबा घेण्याची शेवटची वेळ, हे सगळं एकमेकांशी जुळवलं जातं. जुळलं की टर्मिनलची प्रणाली सांगते: अमुक ब्लॉक, अमुक ओळ, अमुक थर. यार्डात चाकांवर फिरणारी आरटीजी क्रेन तिथे कंटेनर ठेवते. इकडे शिप प्लॅनर जहाजाच्या पोटात कोणता डबा कुठे बसेल ते लावतो. जड खाली, हलका वर, घातक माल एकमेकांपासून अंतरावर, रीफर, म्हणजे थंड ठेवायचा डबा, विजेच्या प्लगच्या जवळ, आणि आधी उतरायचा तो शेवटी चढवायचा. मग धक्क्यावरची मोठी क्रेन उचलते.

हे सगळं कागदावर काढलं की दोन प्रकारचे बाण दिसतात. एक मालाचा: कारखाना, रस्ता, गेट, यार्ड, जहाज. दुसरा माहितीचा, आणि हे बाण कितीतरी जास्त भरतात. बुकिंग लाइनकडून टर्मिनलला जातं, कंटेनर आत आल्याचा कोडेको संदेश टर्मिनलकडून लाइनला जातो, जहाजावर काय कुठे रचलं आहे ते सांगणारी बॅपली फाइल एका बंदरातून पुढच्या बंदराला जाते. २७ जूनला मालाचा एकही बाण तुटला नव्हता. माहितीचे बहुतेक सगळे तुटले होते. मेर्स्कच्या जहाजांवरचे संगणक तर या व्हायरसपासून वाचलेच होते. जहाज आपल्या पोटात काय आहे ते सांगायला तयार होतं, पण ती फाइल वाचणारं सॉफ्टवेअर किनाऱ्यावर पुसलं गेलं होतं. टर्मिनलच्या दृष्टीने समोर उभं असलेलं जहाज म्हणजे हजारो बंद डब्यांचा एक ढीग.

आपल्याकडच्या बहुतेक योजना मालाच्या बाणांवर बेतलेल्या असतात, आणि त्यालाही कारण आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत बीसीपी म्हटलं की डोळ्यांपुढे पाणीच येतं. ऑफिसात पाणी शिरलं तर? लोकल बंद पडल्या तर? उत्तरं ठरलेली: जनरेटर, दुसऱ्या शहरात पर्यायी जागा, घरून काम, फोनची साखळी. या सगळ्यात जागा बदलते आणि नेटवर्क तेच राहतं. मेर्स्कची १३० देशांत शेकडो ऑफिसं होती. एक बुडालं तर दुसरं आहे, अशी चैन क्वचित कुणाला मिळते. पण सगळी एकाच मुळावर उगवलेली होती.

आता व्हायरस आला कुठून ते. युक्रेनमध्ये कर भरायला एम. ई. डॉक नावाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर बहुतेक सगळ्या कंपन्या वापरत. ते बनवणारी कीव्हमधली लिंकोस ग्रुप ही लहानशी घरगुती कंपनी. हल्लेखोरांनी तिच्या अपडेट सर्व्हरचा ताबा घेतला आणि अपडेटच्या नळातून विष सोडलं. मेर्स्कच्या ओडेसा ऑफिसात हिशेबाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याने हे सॉफ्टवेअर एका संगणकावर घालून मागितलं होतं. एकाच. पुढचं काम दोन हत्यारांनी केलं. एक होतं इटर्नलब्लू, अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून फुटलेलं, विंडोजमधल्या भोकातून आत शिरणारं. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. दुसरं मिमिकॅट्झ, जे संगणकाच्या मेमरीत पडून राहिलेले पासवर्ड उचलतं. त्यामुळे एका अपडेट न केलेल्या संगणकावरून उचललेल्या पासवर्डने शेजारचा अपडेट केलेला संगणकही उघडायचा. पडद्यावर ३०० डॉलरचे बिटकॉइन मागितले जात होते, पण पैसे भरून काही परत मिळणार नव्हतं. खंडणीचं सोंग घेतलेला तो निव्वळ विध्वंस होता. युक्रेनच्या संविधान दिनाच्या आदल्या दिवशी, युक्रेनसाठी सोडलेला. मेर्स्क त्यात वाटेत सापडली.

मेर्स्कचा सगळा कारभार एका भिंतीवर काढला तर ‘युक्रेनमधला कर भरणे’ हा चौकोन कोपऱ्यात, टिकलीएवढा निघेल. कुणी त्याला ‘अत्यावश्यक’ म्हणणार नाही. बीसीपीच्या पहिल्या बैठकीत कामांना महत्त्वाप्रमाणे क्रम लावतात, त्यात तो तळाला जाईल आणि तिथून पुढे त्याच्याकडे कुणी बघणार नाही. गैरसमज इथे होतो. एखादं काम बंद पडलं तर किती नुकसान, हा एक प्रश्न. त्या कामातून किती नुकसान आत येऊ शकतं, हा वेगळा. पहिल्याचं उत्तर चौकोनाच्या आकारात असतं, दुसऱ्याचं त्याला जोडलेल्या बाणांत. योगायोग असा, की हे घडलं त्यानंतर चार दिवसांनी, १ जुलै २०१७ला, आपल्याकडे जीएसटी लागू झाला आणि कराच्या सॉफ्टवेअरची अपडेटं घ्यायला गावोगावचे व्यापारी रांगेत उभे राहिले. ओडेसातल्या त्या अधिकाऱ्याला नावं ठेवायला आपल्यातल्या कुणाचीच जीभ उचलायला नको.

कोपनहेगनच्या मुख्य ऑफिसातलं दृश्य ज्यांनी सांगितलं आहे ते ऐकण्यासारखं आहे. एकेक पडदा काळा पडत चालला. माणसं बैठकांच्या खोल्यांत घुसून, बोलणाऱ्याचं बोलणं तोडून, यंत्रांच्या वायरी उपटू लागली. कार्ड दाखवून उघडणारी आतली फाटकं बंद पडल्यामुळे लोक त्यांच्यावरून उड्या मारून पुढच्या विभागाला सावध करायला धावले. टेबलावरचे फोनही नेटवर्कवरच चालणारे, तेही मेले. आग लागली तर दार आपोआप उघडावं याची सोय सगळेच करतात. नेटवर्क गेलं तर दार कसं उघडेल, ते कुणाच्या नकाशावर असतं?

फोनचीही तीच गत. योजनेत ‘संकटकाळी संपर्क’ असा तक्ता असतोच. तो असतो शेअर्ड ड्राइव्हवर. त्यातले नंबर टेबलावरच्या फोनचे असतात. म्हणजे योजना ज्या गोष्टीच्या पडझडीसाठी लिहिली, तिच्याच आत ठेवलेली. कुलूप लावून किल्ली पेटीतच.

पुढचे दिवस मेर्स्कच्या लोकांनी ज्या तऱ्हेने काम चालवलं, तो माझ्या मते या प्रकरणाचा सर्वांत मोलाचा भाग. बुकिंग स्वतःच्या जीमेलवर घेतली, व्हॉट्सॲपवर घेतली, एक्सेलच्या याद्या केल्या, टर्मिनलांवर कंटेनरला कागद चिकटवले. सीईओ सोरेन स्काऊ यांनी ठिकठिकाणच्या लोकांना सांगून टाकलं, की ग्राहकासाठी जे योग्य वाटेल ते करा, मुख्यालयाच्या परवानगीसाठी थांबू नका, खर्चाचं आम्ही बघू. त्या दिवसांत मेर्स्कची मालवाहतूक साधारण २० टक्क्यांनी घटली, असं अध्यक्ष जिम हॅगमन स्नाबे यांनी जानेवारी २०१८मध्ये दावोसला सांगितलं. म्हणजे उरलेलं ८० टक्के काम माणसांनी रेटून नेलं.

या आकड्यावर लोक टाळ्या वाजवतात. टाळ्या योग्यच आहेत. पण योजना लिहिणाऱ्याने टाळ्या थांबल्यावर वही काढावी, कारण खरा नकाशा त्या दहा दिवसांत उघडा पडलेला असतो. प्रणाली चालू असताना कामाची पद्धत विचारली की माणूस प्रणालीची पद्धत सांगतो: ‘इथे क्लिक करतो, मग तिथे येतं.’ प्रणाली नसताना त्याने काय केलं ते विचारलं की कामाचा गाभा कळतो. कुणाला फोन केला? कोणता नंबर पाठ होता? कशाची खात्री केल्याशिवाय पुढे जायची छाती झाली नाही? बुकिंग व्हॉट्सॲपवर घेता आलं, कारण बुकिंगला मुळात पाच-सहा गोष्टी लागतात: कोण, काय, कुठून, कुठे, किती डबे, कधी. बाकीचे वीस रकाने कार्यालयाच्या सोयीचे.

गेटचंही तसंच, पण एका मर्यादेपर्यंत. गेटवरचं काम हाताने करता येतं का? करता येतं, आणि त्यात एक गंमत आहे. कंटेनरचा नंबर स्वतःच स्वतःची चूक पकडतो. समजा क्लार्कने पावसात भिजत वहीत लिहिलं: सीएसक्यूयू ३०५४३८, आणि शेवटचा, चौकटीतला आकडा ३. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते. सी म्हणजे १३, एस ३०, क्यू २८, यू ३२. पहिल्याला १ने गुणायचं, दुसऱ्याला २ने, तिसऱ्याला ४ने, असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ने. बेरीज येते ६१८५. तिला ११ने भागलं की बाकी ३. चौकटीतल्या आकड्याशी जुळली, म्हणजे लिहिताना आकडा बहुधा चुकलेला नाही. अर्थात हजार ट्रेलरांची रांग असताना कुणी पेन्सिलने गुणाकार करत बसणार नाही. पण नेटवर्कला न जोडलेल्या एका जुन्या लॅपटॉपवर एवढं सूत्र घातलेली एक्सेल शीट गेटच्या केबिनमध्ये ठेवायला किती खर्च येतो? नकाशा काढायला बसलं की अशी स्वस्त उत्तरं हाताला लागतात.

अडचण गेटच्या आत सुरू होते. यार्डात डबे चार-चार, पाच-पाच थरांत रचलेले. कोणता कुठे आहे हे फक्त प्रणालीला ठाऊक. गेटवर लिहून घेऊन नवीन डबा आत घ्याल, पण जहाजावर चढवायचा डबा तिसऱ्या थरात, वर दोन परके डबे ठेवलेला असेल तर तो शोधणार कसा? एकेका ओळीतून नंबर वाचत फिरणं, एवढंच उरतं. त्यातच कुठेतरी रीफर असतात, कोळंबीचे, द्राक्षांचे, औषधांचे, ज्यांचं तापमान कुणीतरी दर काही तासांनी बघायला हवं. आणि घातक मालाचे डबे, ज्यांच्याजवळ काय ठेवू नये याचे नियम आहेत. म्हणून टर्मिनलचा नकाशा काढताना मी तीन याद्यांवर लाल खूण करीन: यार्डातल्या डब्यांची जागा, चालू रीफर, घातक माल. दर शिफ्टच्या शेवटी या तीन याद्या नेटवर्कबाहेर, शक्य तर कागदावर. चार-सहा तास जुनी यादी परिपूर्ण नसते, पण काहीच नसण्यापेक्षा ती कैक पटींनी बरी. आणि दरम्यान जे हलले तेवढेच डबे शोधायचे राहतात.

उलट आयातीचा डबा सोडणं हे काम हाताने ‘करता येतं’ म्हणून करू नये. डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डबा सोडा असं लाइनचं पत्र, खरी आहे का, लाइनचे पैसे भरले का, कस्टम्सची मोकळीक आहे का, हे पडताळल्याशिवाय डबा बाहेर गेला तर तो परत येत नाही. गोंधळाच्या दिवशी खोटा कागद घेऊन येणारे लोक कमी नसतात. तेव्हा नकाशावर प्रत्येक चौकोनाखाली ‘हाताने होईल का’ याच्या जोडीला ‘हाताने करण्याची जबाबदारी कुणाच्या सहीवर’ हेही लिहायला हवं. बीसीपीच्या भाषेत प्रत्येक कामाला एक मुदत ठरवतात, की इतक्या वेळात ते परत उभं राहिलं पाहिजे. ती मुदत विभागांना देतात, म्हणजे ‘ऑपरेशन्स: चार तास’. एकाच ऑपरेशन्समध्ये गेट, यार्ड, रीफर आणि डिलिव्हरी यांच्या मुदती किती वेगळ्या असतात ते वर दिसलंच. रीफरला काही तास, बुकिंगला व्हॉट्सॲपवर दोन-तीन दिवस निभतील, आयातीचा डबा मालकाच्या शिव्या खात थांबेल. विभागाला मुदत देणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच मापाची चप्पल आणणं.

आता त्या नकाशाची मर्यादाही सांगायला हवी. वर काढला तसा तक्ता मेर्स्कने आधी काढला असता तरी त्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडली नसतीच, कारण ते कुणाचंच ‘काम’ नव्हतं.

मेर्स्कच्या नेटवर्कवर सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. डोमेन कंट्रोलर म्हणजे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर: कोण आत येऊ शकतं, कुणाला कोणत्या मजल्यावर जायची परवानगी आहे, याची नोंद. हे रजिस्टर नसेल तर बाकीचे सर्व्हर दुरुस्त करूनही उपयोग नाही, कारण कुणी कुणाला ओळखतच नाही. हे दीडशे कंट्रोलर एकमेकांशी सतत जुळवून घेत, म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याचा बॅकअप. त्यामुळे वेगळा बॅकअप ठेवायची गरज कुणाला वाटली नाही. एक जळलं, दहा जळले, तरी एकशेचाळीस आहेत. एकाच वेळी सगळे जातील, ही शक्यता हिशेबात नव्हती. बाकीच्या सर्व्हरांचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप सापडले. डोमेन कंट्रोलरचा एकही नाही.

शेवटी एक सापडला, घानामध्ये. व्हायरस पसरायच्या आधी तिथली वीज गेली होती आणि तो संगणक नेटवर्कवरून सुटला होता. वीज जाण्याने जागतिक कंपनी वाचल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. पण घानातलं इंटरनेट इतकं संथ, की काही शे गिगाबाइटचा डेटा इंग्लंडला पाठवायला दिवसच्या दिवस गेले असते. माणसाकरवी डिस्क पाठवावी तर घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही. मग घानाचा एक माणूस विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर दुसऱ्याच्या हाती हार्ड डिस्क दिली, आणि त्या दुसऱ्याने साडेसहा तासांच्या विमानप्रवासाने ती लंडनला नेली. तिथून जवळच्या मेडनहेडला, जिथे मेर्स्कचे आणि सल्लागार कंपनीचे मिळून शेकडो लोक रात्रंदिवस नेटवर्क नव्याने बांधत होते. एका पासपोर्टवरचा शिक्का हा पुनर्बांधणीच्या वाटेवरचा अडथळा ठरेल, हे कोणत्या योजनेत लिहिलेलं असतं?

म्हणून मी नकाशाला एक तळमजला जोडतो. प्रत्येक चौकोनाखाली आडवी रेघ, आणि रेघेखाली तो चौकोन ज्याच्यावर उभा आहे त्या सगळ्या गोष्टी: लॉगिन, नेटवर्क, वीज, प्रिंटर, एखाद्याच माणसाच्या फोनवर येणारा ओटीपी, कुणाची तरी डिजिटल सही असलेला डोंगल. सगळे चौकोन भरून झाले की तळमजल्यावर सारखे शब्द शोधायचे. जो शब्द प्रत्येक चौकोनाखाली येतो तिथे बोट ठेवून विचारायचं, हा गेला तर? मेर्स्कच्या बाबतीत तो शब्द दोनशे चौकोनांखाली ‘लॉगिन’ असा आला असता. एवढं दिसलं असतं तर दीडशे भावंडं एकमेकांचे बॅकअप आहेत, हे उत्तर कदाचित कुणाला पुरेसं वाटलं नसतं. ‘कदाचित’ मुद्दाम लिहितो. घटना घडून गेल्यावर नकाशा काढणाऱ्याला सगळंच दिसतं.

ही मांडणी मीटिंग रूममध्ये बसून होत नाही, हे जाता जाता. साहेबांना विचारलं की पद्धत पुस्तकात असते तशी कळते. रात्रपाळीच्या क्लार्कला विचारलं की कळतं, फॉर्मवर सही करणारा माणूस दहा वाजता घरी जातो आणि तेव्हापासून सकाळपर्यंत त्याचा पासवर्ड टेबलाच्या खणात चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. ही चिठ्ठी नकाशावर यायला हवी, आणि ती आली म्हणून क्लार्कला मेमो मिळता कामा नये. मेमो मिळाला, की पुढच्या वेळी चिठ्ठीही दिसणार नाही आणि नकाशाही खोटा निघेल.

रॉटरडॅमबद्दल थोडं. तिथलं मासव्लाक्टे दोन हे एपीएमचं टर्मिनल २०१५मध्ये उघडलं, जगातल्या सर्वांत स्वयंचलित टर्मिनलांपैकी एक. चालकाविना गाड्या, दुरून चालवलेल्या क्रेन. असं टर्मिनल रोजच्या दिवशी कौतुकाचं असतं, पण संगणक गेल्यावर तिथे वही-पेन्सिल घेऊन उभा राहणारा माणूसच नसतो. क्रेनच्या केबिनमध्येच कुणी बसलेलं नसतं. न्हावा शेव्यात निदान क्रेनवर ऑपरेटर होता, खाली सर्व्हेयर होता, आणि ओरडून सांगता येत होतं. शेजारी दुसरी टर्मिनलंही होती, त्यामुळे जहाजं तिकडे वळवण्याची हालचाल करता आली. याचा अर्थ यंत्रं नकोत असा मुळीच नाही. पण ज्या चौकोनातून माणूस काढून घेतला, त्या चौकोनाखालची ‘हाताने होईल का’ ही ओळ त्याच दिवशी खोडावी आणि तिच्या जागी काय, ते लिहावं. खोडायची राहून जाते आणि योजनेत वर्षानुवर्षं ‘पर्याय: मानवी पद्धतीने’ असं छापलेलं राहतं. ती पद्धत येणारी माणसं एव्हाना निवृत्त होऊन पनवेलला स्थायिक झालेली असतात.

४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक, २,५०० ॲप्लिकेशनं दहा दिवसांत नव्याने बसवली, असा हिशेब स्नाबे यांनी दावोसला मांडला. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. संपूर्ण घडी बसायला त्यानंतरही आठवडे गेले. सुरक्षेच्या बाबतीत आम्ही सरासरी होतो, हेही त्यांनी तिथेच कबूल केलं, आणि मोठ्या कंपनीचा अध्यक्ष असं चारचौघांत बोलतो तेव्हा ऐकून घ्यावं.

सरासरी म्हणजे काय, तर तपशील पुढे बाहेर आला. मेर्स्कच्या आयटीतल्या लोकांनी हल्ल्याच्या आधीच सांगितलं होतं, की नेटवर्क तुकड्यांत विभागा, म्हणजे एका खोलीतली आग दुसरीत जाणार नाही. काही सर्व्हर जुनाट विंडोज २०००वर चालत होते, तेही दाखवून दिलं होतं. सुधारणेला मंजुरी मिळाली, पैसेही ठरले. पण वरच्या आयटी अधिकाऱ्यांचं काम ज्या मोजमापांवर जोखलं जाई, त्यांत ही सुधारणा बसवलेली नव्हती. ती केली तर बोनस वाढत नव्हता, न केली तर कापला जात नव्हता. ती तशीच पडून राहिली. कामाच्या नकाशात हा चौकोनही काढता येतो: मंजुरी, निधी, आणि त्यापुढे कुणाच्याच नावाकडे न जाणारा बाण.

जुलै २०१७नंतर मेर्स्कच्या आयटीतल्या लोकांनी सुरक्षेसाठी जे जे मागितलं, ते जवळजवळ सगळं लगेच मंजूर होऊ लागलं.